ओळ दाखव, मग टर्म लिही

प्रिय बाळ,

अमेरिकन साहित्याच्या परीक्षेसाठीची तुझी टर्म्सची, म्हणजे साहित्यातल्या संज्ञांची, वही पाहिली. व्याख्या सगळ्या बरोबर आहेत. तरीही मेटाफर (रूपक) आणि सिम्बॉल (प्रतीक) यांत फरक काय, हे विचारलं की तू अडखळतेस. अडखळणारच, कारण त्या वहीत एकाही व्याख्येखाली ओळ नाही. ओळीशिवाय टर्म पाठ होते, कळत नाही.

व्हिटमनची 'ओ कॅप्टन! माय कॅप्टन!' ही कविता घे, 1865 ची. त्या कवितेत खरं जहाज कुठेच नाही. जहाज म्हणजे देश, कप्तान म्हणजे राष्ट्राध्यक्ष लिंकन, आणि शेवटपर्यंत तेच चालू राहतं, म्हणून एक्स्टेंडेड, म्हणजे लांबवलेलं, मेटाफर. आता हॉथॉर्नची 1850 ची कादंबरी 'द स्कार्लेट लेटर' बघ. तिथलं 'ए' अक्षर खरंच नायिका हेस्टरच्या छातीवर आहे, लाल कापडाचं, सोनेरी धाग्यानं भरलेलं. ती वस्तू कथेत आहे आणि शिवाय तिला अर्थही आहे, म्हणून सिम्बॉल. आणि तो अर्थ बदलतो: तेराव्या प्रकरणात लोक त्याच अक्षराचा अर्थ 'एबल', म्हणजे समर्थ, असा लावू लागतात. हे लिहिलंस की व्याख्या आपोआप लिहून होते.

आयर्नीसाठी, म्हणजे दिसतं किंवा बोललं जातं एक आणि खरं असतं दुसरंच यासाठी, तर तुला दोनच कथा पुरतील. पोच्या 'द कास्क ऑफ अमाँटिलाडो'त माँट्रेसॉर ज्याला मारणार आहे त्याच्याच दीर्घायुष्यासाठी पितो, ही व्हर्बल, म्हणजे बोलण्यातली. केट शोपँच्या 'द स्टोरी ऑफ अ‍ॅन अवर'मध्ये मेलेला समजलेला नवरा दारातून आत येतो, ही सिच्युएशनल, म्हणजे प्रसंगातली. आणि त्याला पाहून बायको मरते, ती आनंदानं गेली असं डॉक्टर सांगतात तेव्हा खरं कारण फक्त आपल्याला ठाऊक असतं, ही ड्रॅमॅटिक. तिन्ही व्याख्या घोकत बसू नकोस. प्रसंग दाखव.

फ्री व्हर्स आणि ब्लँक व्हर्स यांची गल्लत दर वर्षी होते, आणि मला त्याचा खरंच राग येतो. ब्लँक व्हर्सला यमक नसतं पण माप ठरलेलं असतं, आयँबिक पेंटामीटर, म्हणजे ओळीत हलका-जोराचा अशा उच्चारांच्या पाच जोड्या. फ्रॉस्टची 'मेंडिंग वॉल' मोठ्यानं वाच. व्हिटमनच्या 'साँग ऑफ मायसेल्फ'मध्ये, म्हणजे फ्री व्हर्समध्ये, तसं ठरलेलं माप नाही, लय पुनरुक्तीतून आणि याद्यांतून येते.

सगळ्यात जास्त वेळ डिकिन्सनच्या 'बिकॉज आय कुड नॉट स्टॉप फॉर डेथ'ला दे. ओळी 24 आणि त्यांत निम्मा अभ्यासक्रम. मृत्यू माणसासारखा गाडी घेऊन येतो, पर्सॉनिफिकेशन. तिसऱ्या कडव्यात 'वुई पास्ड' पुन्हा पुन्हा, अ‍ॅनाफोरा. 'रिंग' आणि 'सन', स्लँट राइम, म्हणजे अर्धवट जुळणारं यमक. आता बोटांवर सिलॅबल, म्हणजे शब्दाचे उच्चारातले तुकडे, मोज: कडव्यांचं माप साधारण 8-6-8-6, पण चौथ्या कडव्यात ते 6-8-8-6 होतं. का? कारण तिथेच कवयित्री वाक्य फिरवते: आम्ही सूर्याला मागे टाकलं नाही, त्यानंच आम्हाला मागे टाकलं. थंडी वाजू लागते आणि मापही मोडतं. 1890 मध्ये कविता पहिल्यांदा छापली तेव्हा हे कडवं गाळलं होतं, म्हणून तुझ्या पुस्तकात सहा कडवी आहेत ना, ते आधी तपास.

कालखंडांची चिंता कमी कर. 1861 ते 1865 चं अमेरिकेतलं यादवी युद्ध मधोमध ठेव: त्याआधी रोमँटिक, त्यानंतर रिअ‍ॅलिझम आणि मग नॅचरलिझम. तेवढं पुरे.

मला हट्टी म्हणतात, म्हणू देत. गाइडमधलीच व्याख्या परीक्षकानं गठ्ठ्यातल्या प्रत्येक पेपरात वाचलेली असते. तू निवडलेली ओळ मात्र फक्त तुझ्या पेपरात असते. म्हणून टीप लिहिताना एक वाक्य व्याख्येला, दुसरं ओळीला आणि ती कुठे आहे त्याला, आणि उरलेली तिथे ती काय करते याला. हा शेवटचा भाग सगळे सोडतात आणि गुण तिथेच जातात.

नवी वही आणू नकोस. आहे त्याच वहीच्या डाव्या कोऱ्या पानांवर ओळी उतर, पाठ्यपुस्तकातून, स्वतःच्या हातानं. जिच्यासमोर ओळ सापडणार नाही ती टर्म तूर्त खोडून टाक. डिकिन्सनचं पान झालं की फोटो पाठव, सिलॅबलच्या खुणांसकट.

तुझी,
मॅडम