विमान उतरल्यावर ग्राउंड स्पॉयलर (पंखांची उचल मोडणारे, पंखांवरचे फलक) आपोआप उघडण्यासाठी चाकांवरचं वजन हा एकच सिग्नल पुरेसा आहे का?
नाही, एकट्या वजनावर विसंबू नये. चाकांचा वेग किंवा रेडिओ अल्टिमीटर (रेडिओ लहरींनी जमिनीपासूनची उंची मोजणारं उपकरण) असा स्वतंत्र पुरावाही हवा, आणि थ्रॉटल आयडलवर, म्हणजे इंजिनाची शक्ती किमान पातळीवर, असण्याची अट हवीच. 1993 मध्ये वॉर्सात लुफ्थान्साचं ए-320 ओल्या धावपट्टीवर आधी उजव्या चाकांवर टेकलं. स्पॉयलर उघडायला दोन्ही बाजूंचे स्ट्रट (चाकांना जोडलेले, वजनानं दबणारे खांब) दबणं किंवा चाकं वेगानं फिरणं, यांपैकी काहीतरी आवश्यक होतं. पाण्यामुळे चाकं फिरेनात, डावी बाजू सुमारे 9 सेकंदांनी टेकली, तोवर स्पॉयलर बंदच! म्हणून ‘किंवा’ कुठे आणि ‘आणि’ कुठे, हाच कळीचा निर्णय. मात्र अटी फार सैल करणंही घातकच: 1970 मध्ये टोरंटोत डीसी-8 या प्रवासी विमानाचे स्पॉयलर जमिनीपासून थोड्याच उंचीवर चुकून उघडले गेले आणि विमानातले सर्व 109 जण दगावले.