जमीन जंगलासाठी राखायची, पण कायद्यात कशी बसवायची?

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यात माझी सहा एकर वडिलोपार्जित जमीन आहे. निम्म्या भागात जुनी झाडी आणि बारमाही झरा आहे. मला मूलबाळ नाही. पुतण्याला बक्षीसपत्र करून द्यावं आणि त्यात 'जमीन कधीही विकायची नाही, झाडी तोडायची नाही' अशी अट घालावी, असं मनात आहे. चालेल ना?

उत्तर : अट टिकणार नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम १० प्रमाणे मालकी द्यायची आणि वर 'विकूच नकोस' असं बजावायचं, तर ते बजावणं रद्द ठरतं आणि मालकी तशीच राहते. कलम ११ हेच वापराबद्दल सांगतं. पुतण्याने शब्द पाळला तरी तो फक्त त्याचा शब्द असेल.

तुमच्या इच्छेच्या जवळ जाते ती वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ३६-सी मधली तरतूद. १ एप्रिल २००३ पासून ती लागू आहे. मालकाने किंवा समूहाने आपणहून तयारी दाखवली, तर राज्य सरकार खासगी किंवा सामूहिक जमीन 'सामुदायिक राखीव क्षेत्र' म्हणून जाहीर करू शकतं. सातबाऱ्यावरचं नाव बदलत नाही. अधिसूचना निघाल्यावर मात्र जमिनीचा वापर बदलायचा, तर आधी व्यवस्थापन समितीचा ठराव लागतो आणि मग राज्य सरकारची मान्यता. ही दोन कुलपं पुढच्या मालकालाही लागू राहतात. बक्षीसपत्राला जे जमत नाही ते इथे जमतं.

खासगी जमिनीवर ही समिती कशी असावी, ते २०२२ च्या दुरुस्तीने ठरवून दिलं आहे : जमीनमालक, वन किंवा वन्यजीव विभागाचा प्रतिनिधी आणि पंचायतीचा किंवा आदिवासी समाजाचा प्रतिनिधी. म्हणजे घरच्या जमिनीत पंचायत येणार. ते पटणार नसेल तर या वाटेला जाऊ नका.

आता तुमच्या पत्रातला 'वडिलोपार्जित' हा शब्द. बहुतेक प्रस्ताव अडकतात ते कायद्यापाशी नाही, सातबाऱ्यापाशी. वाटप झालेलं नसेल तर सहा एकर 'माझी' म्हणता येत नाही. सगळ्या सहहिस्सेदारांची लेखी संमती घ्या, नाहीतर आधी वाटप करून घ्या. गेलेल्या माणसांची नावं अजून लागलेली असतील तर वारस फेरफार करून घ्या. मग 'इतर हक्क' हा रकाना सावकाश वाचा. सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळाची नोंद, शेजाऱ्याची वहिवाट, सगळं तिथेच सापडतं. कोकणात आणखी एक नोंद हमखास शोधायची ती 'खाजगी वन' अशी. १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्याखाली ३० ऑगस्ट १९७५ रोजी अशी बरीच जमीन सरकारकडे गेली. ही नोंद असेल तर आधी मालकीचाच प्रश्न सोडवावा लागतो.

राखीव करायचा आहे तो निम्माच भाग, त्यामुळे मोजणी टाळता येणार नाही. भूमी अभिलेख कार्यालयाकडून पोटहिस्स्याची मोजणी करून नकाशाची 'क' प्रत घ्या. मोबाईलवर टिपलेले जीपीएस बिंदू आणि मोजणीच्या खुणा यांत बऱ्याचदा काही मीटरचा फरक पडतो, आणि झरा नेमका बांधालगत असला की तेवढ्या फरकाने तो शेजारच्या गटात जातो. अधिसूचनेत गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा मोजणीप्रमाणेच आल्या पाहिजेत. सातबारा, आठ-अ, फेरफार, नकाशा, संमतीपत्रं आणि तिथल्या झाडांची व प्राण्यांची यादी असा संच करून अर्ज उपवनसंरक्षकांकडे द्या, प्रत मुख्य वन्यजीव रक्षकांना.

शेजाऱ्यांनाही कल्पना द्या. राखीव क्षेत्र धोक्यात येईल अशी आग लावायला आणि वन्यजीवांना अपाय करणारी रसायनं किंवा स्फोटकं वापरायला अधिनियमाची कलमं ३० आणि ३२ मनाई करतात, आणि ती सामुदायिक राखीव क्षेत्रालाही लागू आहेत. बांधाला लागून कुणी राब भाजत असेल, म्हणजे पेरणीआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजत असेल, तर पहिलं भांडण तिथेच होईल.

प्रश्न : आमच्या गावाला चाळीस एकर गायरान आहे. काळवीट येतात. ग्रामसभेने ठराव केला की ते राखीव होतं का?

उत्तर : ठरावाने सुरुवात होते, राखीव होत नाही. गायरान सरकारचं असतं, पंचायतीकडे असतो तो वापर. म्हणून इथे कलम ३६-ए, म्हणजे 'संवर्धन राखीव क्षेत्र'. ते फक्त सरकारी जमिनीवर होतं आणि स्थानिक लोकांशी चर्चा केल्यावरच राज्य सरकार ते जाहीर करू शकतं. राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांना लागून असलेल्या किंवा त्यांना जोडणाऱ्या पट्ट्यांवर या कलमाचा विशेष रोख आहे. सिंधुदुर्गातलं तिलारी २०२० मध्ये जाहीर झालं ते असंच. मात्र एकट्या माळरानालाही बंदी नाही. मध्ये रेल्वेची किंवा केंद्राची इतर जमीन येत असेल तर केंद्राची आगाऊ संमती हवी.

ठरावात नुसतं 'गावचं गायरान' लिहू नका. गट नंबर, क्षेत्र, अतिक्रमण असल्यास किती, पाणवठे, गाडीवाट, दहनभूमी हे सगळं लिहा. चराई कुठे आणि कोणत्या महिन्यांत चालू राहील तेही. इथे एक चूक फार वेळा होते. ग्रामसभा उन्हाळ्यात होते आणि दिवाळीनंतर उतरणारे धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढ्या घेऊन फिरणारे तळ, तेव्हा गावात नसतात. ते आले की कुंपण दिसतं, आणि वाद पेटतो. त्यांना आधी गाठा. शिवाय मेंढ्या पूर्ण थांबल्या तर गवत वाढून झुडपं माजतात आणि काळविटाला हवं ते मोकळं माळ उरत नाही.

व्यवस्थापन समितीत प्रत्येक संबंधित ग्रामपंचायतीचा एक, वन्यजीव क्षेत्रातल्या संस्थांचे तीन आणि कृषी व पशुसंवर्धन विभागाचा प्रत्येकी एक प्रतिनिधी असतो. सदस्य-सचिव वन विभागाचा. ही समिती सल्ला देते, हुकूम देत नाही.

प्रश्न : आम्ही शहरातले आठ मित्र मिळून जमीन घेऊन जंगल वाढवायचं म्हणतो. ट्रस्ट करावा का?

उत्तर : आधी तुमच्यात शेतकरी किती ते मोजा. महाराष्ट्रात शेतजमीन बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय घेता येत नाही, ट्रस्टलाही नाही. ते जमलं तर ट्रस्टचा एक मोठा फायदा आहे. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ३६ मुळे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय ट्रस्टची जमीन विकता येत नाही. उद्देशाच्या कलमात 'पर्यावरण' एवढंच न लिहिता 'या जमिनीवरील नैसर्गिक अधिवासाचं जतन' असं स्पष्ट लिहा.

प्रश्न : एकदा राखीव झालं की महामार्गही अडवता येईल का?

उत्तर : तशी खात्री बाळगू नका. अभयारण्याची हद्द बदलायला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. ती तरतूद कलम २६-ए मधली, आणि ३६-ए व ३६-सी ती स्वतःला लावून घेत नाहीत. भूसंपादनालाही तिथे थेट मनाई नाही. आत होणाऱ्या बदलांपासून संरक्षण भक्कम, बाहेरून येणाऱ्या सरकारी प्रकल्पापासून कमी. म्हणून ट्रस्टची मालकी आणि वर ३६-सी ची अधिसूचना, अशी दुहेरी बांधणी आम्हाला जास्त बरी वाटते.

प्रश्न : राखीव नको, पण वन विभागाने आमचं रान सांभाळावं. होतं का?

उत्तर : भारतीय वन अधिनियम १९२७ चं कलम ३८ त्यासाठीच आहे. मालकाने, किंवा अनेक मालक असतील तर किमान दोन तृतीयांश हिस्सा असणाऱ्यांनी, जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. अटी दोघांनी मिळून ठरवायच्या असतात. मुदत किती, लाकूड आणि मधाचं उत्पन्न कुणाचं आणि वणवा विझवण्याचा खर्च कोणी करायचा, एवढं कागदावर आल्याशिवाय सही करू नका.