जखमी भटक्या कुत्र्याला रस्त्यावरून दवाखान्यात कसं न्यावं?
आधी बघ्यांना मागे हटवा, चार माणसं पुरतात. एकाने रहदारी थांबवायची, एकाने पशुवैद्याला फोन लावायचा, दोघांनी उचलायचं. गरीब कुत्रंही दुखण्यात चावतं, म्हणून ओढणीची पट्टी नाकाडाभोवती गुंडाळून, हनुवटीखालून घेऊन कानांमागे बांधा. धाप किंवा उलटी असेल तर मात्र बांधू नका, गुदमरेल. रक्तावर स्वच्छ फडकं सलग ५ मिनिटं दाबा. सारखं उचलून बघितलं की धरत आलेली गुठळी सुटते (आणि कुणीतरी बघतंच). पाय धरून उचलू नका, फळीवर किंवा ताणलेल्या चादरीवर सरकवा. माणसांची पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन अजिबात नको. कुणाला चावलंच तर जखम साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी डॉक्टरांकडे जा.