नव्वद माणसांचे पथक सोडून साहेबांच्या दालनात?

प्रश्न : हिंजवडीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत मी १५ वर्षांपूर्वी ट्रेनी म्हणून लागले, आज ९० जणांचे पथक सांभाळते. आता मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी मला दोन वर्षांसाठी आपली कार्यकारी सहायक होण्याविषयी विचारले आहे. घरचे म्हणतात, इतकी वर्षे खपलीस ती साहेबांची डायरी सांभाळायला का? ही कंपनी एक दिवस आपण चालवावी असे मला मनापासून वाटते. पण ते बोलून दाखवणे म्हणजे लहान तोंडी मोठा घास वाटतो. होकार द्यावा का? — एक वाचक, पुणे

उत्तर : सप्रेम नमस्कार.

लहान तोंडी मोठा घास हे तुमचे शब्द मला खटकले. ज्या कंपनीत तुम्ही खालच्या पायरीपासून काम शिकलात, ती चालवण्याची इच्छा धरण्यात संकोच वाटण्यासारखे काहीही नाही. निदान या अधिकाऱ्यांना तरी ती स्पष्ट शब्दांत सांगा.

आता खुर्चीविषयी. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीत १९८० साली उन्हाळी इंटर्न म्हणून आलेल्या मेकॅनिकल इंजिनिअर अर्सुला बर्न्स यांना १९९० मध्ये वेलँड हिक्स या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी हेच पद देऊ केले होते. त्या पदामुळे त्या वरिष्ठांच्या बैठकांना बसू लागल्या. कंपनीचे एक प्रमुख अधिकारी पॉल अलेअर दर महिन्याला नोकरभरती थांबवा असे बजावत आणि तरीही भरती चालूच राही, हे पाहून बर्न्स यांनी त्यांना सरळ विचारले की, तुम्ही सांगूनही भरती थांबत नसेल, तर कोणी सांगितल्यावर ती थांबेल? १९९१ मध्ये अलेअर यांनी त्यांना स्वतःची सहायक म्हणून घेतले. वरून निघालेला आदेश खाली कुठे झिरपतो आणि कुठे अडतो, हे ९० जणांच्या पथकाच्या टोकावरून कधीच दिसत नाही. ते त्या दालनातून दिसते, आणि तुम्हाला नेमके तेच शिकायचे आहे.

मात्र बर्न्स त्या खुर्चीत रेंगाळल्या नाहीत, हे घरच्यांनाही सांगा. त्या व्यवसाय विभागांच्या कामात परतल्या, १९९९ मध्ये जगभरातील उत्पादनाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि त्यानंतर कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असताना त्यांनी खर्चकपातीचे आणि कामगार संघटनेशी बोलणी करण्याचे अवघड काम केले. २००९ साली त्या झेरॉक्सच्या मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या. अलेअर यांच्या सहायकपदापासून तिथवर १८ वर्षे लागली. तेवढा धीर तुमच्यात आहे का, हे तुम्हीच ठरवायचे आहे. २००९ मध्येच टीसीएसचे प्रमुख झालेले एन. चंद्रशेखरन १९८७ पासून तिथेच होते आणि त्यांनीही मधल्या काळात त्यांच्या आधीचे प्रमुख एस. रामदोराई यांचे कार्यकारी सहायक म्हणून काम केले होते.

म्हणून माझा कौल होकाराकडे आहे, पण तीन गोष्टी आधी विचारून घ्या : संचालक मंडळाच्या आणि ग्राहकांच्या कोणत्या बैठकांना तुम्ही बसाल, कोणते काम पूर्णपणे तुमचे असेल, आणि दोन वर्षांनंतर नफ्या-तोट्याचा हिशेब ज्याला द्यावा लागतो असा विभाग तुमच्याकडे येईल का? तिसऱ्याचे लेखी आश्वासन बहुधा कोणी देणार नाही, पण चर्चेनंतर तिचा सारांश तुम्ही ईमेलने पाठवू शकता. पहिल्या दोन प्रश्नांनाच टाळाटाळीची उत्तरे मिळाली, तर मात्र घरच्यांची शंका खरी आहे असे समजा आणि आपल्या पथकातच राहा.