चेपस्टोचा किल्ला आधी पुलावरून पाहा

ब्रिस्टलला मुलाकडे येणार असून एक दिवस एखाद्या नदीकाठच्या मध्ययुगीन किल्ल्यासाठी राखून ठेवला आहे, असे आपण लिहिले आहे. "नुसत्या पडक्या भिंती पाहण्यासाठी या वयात पायपीट करावी का?" अशी शंकाही आपण विचारली आहे. माझे उत्तर वेल्सच्या सीमेवरील चेपस्टो. छपरे तिथेही फारशी उरलेली नाहीत. परंतु कोणत्या भिंतीला कशाची भीती होती, हे त्या भिंतीकडे पाहूनच कळावे, असे फार थोडे किल्ले मी पाहिले आहेत आणि त्यांत चेपस्टोचा क्रमांक वरचा आहे.

स्थानकावरून किल्ल्याचे प्रवेशद्वार दहा-पंधरा मिनिटांवर आहे, पण लगेच आत शिरू नये. आधी वाय नदीवरील 1816 सालच्या लोखंडी पुलावर जावे. इंग्लंड आणि वेल्स यांची सीमा या नदीच्या मध्यातून जाते, त्यामुळे पुलाच्या मधोमध उभे राहिले की एक पाय या देशात आणि एक त्या देशात असतो. तिथून चुनखडीच्या उभ्या कड्यावर लांबच लांब पसरलेला किल्ला दिसतो. राजगडाची संजीवनी माची पाहिलेल्या माणसाला तो आकार लगेच ओळखीचा वाटेल. फक्त इथे एका अंगाला दरीऐवजी नदी आहे. पहिल्या खेपेस मी ओहोटीच्या वेळी पोहोचलो आणि कड्याखाली निव्वळ तपकिरी चिखल पाहून हिरमुसलो. सेव्हर्न नदीच्या मुखाजवळील हा भाग जगातल्या सर्वांत मोठ्या भरती-ओहोटीच्या प्रदेशांत मोडतो आणि उधाणाच्या वेळी इथल्या पाण्याच्या पातळीत बारा मीटरहून अधिक फरक पडतो. म्हणून निघण्यापूर्वी भरतीची वेळ अवश्य पाहून घ्यावी.

किल्ल्याची सुरुवात 1067 सालची, म्हणजे नॉर्मंडीच्या विल्यमने 1066 मध्ये इंग्लंड जिंकल्याच्या दुसऱ्याच वर्षाची आहे. विल्यम राजाचा विश्वासू सरदार विल्यम फिट्झऑस्बर्न याने वेल्सच्या वेशीवर ही जागा हेरली. मधोमध उभा असलेला थोरला बुरूज पूर्वी त्याचाच मानला जाई. आता तो खुद्द राजाने बांधवून घेतला असावा, असे अनेक अभ्यासक म्हणतात. मला हे मत पटते, कारण मुळात या बुरुजातील दालनात शेकोटीची सोय दिसत नाही आणि राहण्यापेक्षा दरबार भरवून लोकांवर छाप पाडणे हाच त्याचा उद्देश वाटतो. या बुरुजाला बाहेरून वळसा घालून पाहावे. जमिनीकडची भिंत जाड आणि जवळजवळ आंधळी आहे, तर नदीकडची भिंत पातळ असून तिला खिडक्या आहेत, कारण त्या बाजूची राखण कडाच करीत होता. भिंतीतून भाजलेल्या विटांचा जो तांबूस पट्टा फिरतो, त्या विटा रोमन काळातल्या असून बहुधा जवळच्या केअरवेंट या रोमन नगराच्या अवशेषांतून उचलून आणलेल्या आहेत.

यानंतर सर्वाधिक वेळ द्यावा तो दरवाजाला. 1189 मध्ये विवाहामुळे किल्ला विल्यम मार्शल या सरदाराकडे आला आणि त्याने नवे महाद्वार उभारले. त्याची लाकडी दारे 1962 पर्यंत जागेवर होती. आता मूळ दारे किल्ल्यातच आत ठेवली आहेत. लाकडातील वर्तुळांच्या अभ्यासावरून ती 1190 पूर्वीची ठरली असून युरोपातील किल्ल्यांची सर्वांत जुनी दारे म्हणून ती ओळखली जातात. आपल्याकडच्या दरवाजांवर हत्तींसाठी अणकुचीदार खिळे असतात. इथे भीती आगीची आणि कुऱ्हाडीची, म्हणून पुढून लोखंडी पत्रा ठोकला आहे. दाराच्या मागल्या बाजूला मात्र अवश्य जावे. एकमेकांत खाचा करून बसवलेल्या लाकडांची ती जाळी पाहताना आठशे वर्षांपूर्वीचा सुतार शेजारी उभा असल्यासारखे वाटते.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉजर बिगॉड या धनाढ्य सरदाराने खालच्या चौकात दिवाणखाना, स्वयंपाकघर आणि राहण्याची दालने बांधली. त्यांच्याखालचे कमानदार तळघर थेट नदीवर उघडते. भरतीबरोबर आलेल्या नावांतील माल तिथून वर ओढून घेतला जाई. शौचकूपही त्याच कड्यावर आहेत आणि त्यांचा निचरा त्याच नदीत होई. याच बिगॉडने बांधलेल्या भक्कम बुरुजाला मात्र नाव मिळाले ते कैद्याचे. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्या मृत्युदंडावर सही करणारा हेन्री मार्टिन 1680 साली इथेच, कैदेत वारला. दक्षिणेकडचा तट सतराव्या शतकातील राजा आणि संसद यांच्यातील यादवी युद्धात तोफांनी फोडला होता. नंतर तो जाड करून त्यात बंदुकांसाठी जंग्या ठेवल्या गेल्या.

गुडघ्यांविषयी सांगायचे तर चौकांतील चढण सौम्य आहे. बुरुजांतील गोल जिने टाळले तरी चालतील, कारण वर सांगितलेले बहुतेक सारे खालूनच दिसते. दुपारी वेळ उरला तर बसने नदीच्या वरच्या अंगाला सुमारे आठ किलोमीटरवरील टिंटर्न मठ गाठावा. तिथली जमीन सपाट आहे, आणि त्या मठाचे भव्य चर्च नव्याने उभारण्यासाठी पैसा पुरवणारा आश्रयदाताही हाच बिगॉड होता.