नागपुरात घरांचे फोटो काढण्याचा धंदा: दर किती लावावा आणि कुणाकडून घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही लग्नाचे फोटो काढता, चांगला कॅमेरा आणि वाइड लेन्स आहे. बेसा-मनीषनगरकडचा एक ब्रोकर फ्लॅटमागे ५०० रुपये देतो म्हणतो, महिन्याला पंचवीस फ्लॅटची हमी देतो. घ्यावं का, आणि नाही तर दर किती लावावा?

या दरात घेऊ नका. पण त्यात ब्रोकरचा लबाडपणा काही नाही. त्याच्या जागी बसून पाहिलं तर ५०० रुपयेसुद्धा त्याला जड जात असतील. ते का, हे कळलं की तुमचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

आपल्याकडे एकच फ्लॅट चार-पाच ब्रोकरांकडे असतो. मालक सगळ्यांनाच सांगून ठेवतो, ज्याचं गिऱ्हाईक आधी येईल त्याला दलाली. म्हणजे ब्रोकरनं फोटोवर खर्च केला तरी सौदा दुसराच करून जाण्याची शक्यता मोठी. शिवाय त्यानं टाकलेले फोटो बाकीचे चौघं उचलून आपल्या जाहिरातीत लावतात. भाड्याचं घर असेल तर मिळून मिळून एका महिन्याच्या भाड्याएवढी दलाली. त्यातून तो तुम्हाला काय देणार? अमेरिकेत घरमालक बहुतेक वेळा एकाच एजंटशी लेखी करार करतो, सौदा झाला की त्या एजंटला त्याचा वाटा मिळतोच, म्हणून तिथला एजंट फोटोग्राफरला बिनधास्त पैसे मोजतो. यूट्यूबवर जे दर आणि पॅकेज दिसतात ती त्या व्यवस्थेतली आहेत. ती इथे उचलून आणली तर बसत नाहीत.

आता तुमची बाजू. कागद घ्या आणि वर्षाचा हिशेब मांडा. समजा घरखर्चाला महिन्याला ३५,००० रुपये हवेत, म्हणजे वर्षाला ४,२०,०००. कॅमेरा, लेन्स, ट्रायपॉड, फ्लॅश मिळून दोन लाखांचं सामान चार वर्षं चालतं असं धरलं तर वर्षाला ५०,०००. पेट्रोल, फोन, इंटरनेट, हार्ड डिस्क यांचे महिन्याला ६,००० म्हणजे ७२,०००. सॉफ्टवेअर, दुरुस्ती, विमा यांचे ३०,०००. एकूण ५,७२,०००. वर्षात शूट किती होतील? पितृपक्षात कामं थंडावतात, मे महिन्यात लोक बाहेरगावी, पावसाळ्यात दर्शनी फोटो अडतात. १८० धरा, आणि नव्या माणसाला तेवढी मिळाली तरी चांगलंच म्हणायचं. भागाकार केला की एका शूटला जवळपास ३,२०० रुपये पडतात. हा तुमचा तळ. ब्रोकरच्या हिशेबानं वर्षाला ३०० फ्लॅट म्हणजे दीड लाख रुपये, तेही पेट्रोल न वजा करता. आणि एका फ्लॅटला दीड-दोन तास शूट, जाण्यायेण्यात तास-दीड तास, एडिटिंगला दोन-तीन तास, म्हणजे पंचवीस फ्लॅटमध्ये महिना संपला. चांगल्या गिऱ्हाइकासाठी वेळच उरत नाही.

मला कळकळीनं सांगायचंय ते हे: तुमचा खर्च फक्त तळ ठरवतो. दर किती वर जाईल हे ठरतं त्या फोटोतून समोरचा किती कमावणार यावरून. त्यामुळे दराची घासाघीस करत बसण्यापेक्षा ज्याला फोटोतून पैसा मिळतो तो माणूस शोधा.

नागपुरात असे लोक कोण? पहिला, बिल्डर. वर्धा रोड, जामठा, हिंगणा रोड, कोराडी रोड, जिथे स्कीम उभी राहते तिथे सॅम्पल फ्लॅट असतो. त्याचे फोटो ब्रोशर, होर्डिंग, वेबसाइट सगळीकडे वर्ष-दोन वर्षं चालतात आणि त्यावर कित्येक फ्लॅट विकले जातात. दुसरा, इंटिरिअर डिझायनर आणि आर्किटेक्ट. रामदासपेठ, धरमपेठेत यांची ऑफिसं भरपूर आहेत. त्यांचं पुढचं काम आधीच्या कामाच्या फोटोवरच मिळतं, म्हणून ते फोटोकडे बारकाईनं बघतात आणि एकदा पटलं की दरवेळी तुम्हालाच बोलावतात. माझ्या मते टिकाऊ धंदा यांच्याकडेच आहे. तिसरा, स्वतःचा बंगला किंवा डुप्लेक्स विकायला काढलेला मालक. ८० लाखांच्या घराला चार-सहा हजार खर्च करायला तो तयार होतो, फक्त तुम्ही थेट त्याच्याशी बोललं पाहिजे. हॉटेलं आणि होमस्टेही आहेत, पण त्यांचं काम वेगळं, त्यात आत्ता शिरू नका.

म्हणून त्या ब्रोकरला तोडूनही टाकू नका. त्याला सांगा, भाड्याचे फ्लॅट तुम्ही मोबाईलवर काढा, मी अर्धा तास बसून कसे काढायचे ते दाखवून देतो. पण विक्रीचा बंगला आला आणि मालक पैसे द्यायला तयार असला तर मला बोलवा. "भाऊ, तुम्ही तर लयच महाग सांगून राहिले," असं तो म्हणेल. म्हणू द्या. वर्षातून पाच बंगले जरी त्याच्याकडून आले तरी ते पंचवीस फ्लॅटपेक्षा बरे.

मी तुमच्या जागी असतो तर सुरुवातीला असे दर ठेवले असते: १,००० चौरस फुटांपर्यंतचा फ्लॅट ३,५००, बंगला किंवा डुप्लेक्स ६,०००, डिझायनर किंवा सॅम्पल फ्लॅटचा पूर्ण दिवस १२,००० ते १५,०००. फोटोमागे दर कधीच लावू नका. तसं केलं की गिऱ्हाईक मोजायला लागतं आणि तुम्ही संख्या वाढवायला लागता. दोन बेडरूमच्या फ्लॅटला पंधरा चांगले फोटो पुरेसे असतात, साठ फोटो बघायला कुणाला वेळ नसतो. निम्मे पैसे तारीख ठरताना घ्या, उरलेले मोठ्या साइजच्या फाइली देण्याआधी. आणि घर आवरलेलं नसल्यामुळे परत यावं लागलं तर त्याचे वेगळे पैसे, हे आधीच सांगून ठेवा.

आवरण्याची यादी आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवा. ओटा रिकामा, गॅलरीतले कपडे काढलेले, फ्रिजवरचे मॅग्नेट आणि भिंतीवरची कॅलेंडरं उतरवलेली, कमोडचं झाकण बंद, सगळे बल्ब एकाच रंगाचे. घरच्या लोकांचे फ्रेम केलेले फोटो, मुलांची नावं लिहिलेल्या शाळेच्या वस्तू फ्रेममध्ये येऊ देऊ नका. ही माणसं अजून त्या घरात राहतात आणि जाहिरात सगळं जग बघतं. आणि घरातल्या काकूंना विचारल्याशिवाय देवघराला हात लावू नका.

आता नागपूरचं ऊन. इथे काम करताना हा विषय सगळ्यात महत्त्वाचा. एप्रिल ते जूनमध्ये निम्म्या घरांच्या खिडक्यांत कूलर बसलेला असतो, उरलेल्यांवर हिरवी जाळी नाही तर जाड पडदा. खोलीत उजेडच नसतो, आणि जाळीतून येतो तो उजेड भिंतीला हिरवट झाक देतो. शक्य असेल तिथे शूट ऑक्टोबर ते फेब्रुवारीत घ्या. उन्हाळ्यातच करायचं असेल तर जाळी सोडायला सांगा आणि सकाळी साडेनऊच्या आत आटपा. ट्रायपॉड छातीच्या उंचीवर, कॅमेरा अगदी समतल, म्हणजे भिंती सरळ उभ्या दिसतात. एकाच जागेवरून कमी-जास्त उजेडाचे तीन किंवा पाच फोटो (एक्स्पोजर) घेऊन जोडा, पण खिडकीबाहेरचं दिसण्यासाठी एक फ्लॅशचा फोटो वेगळा घ्या. नुसत्या एचडीआरवर, म्हणजे अशा जोडलेल्या फोटोवर, सोडलं तर पांढऱ्या भिंती राखाडी होतात. ट्यूबलाइट बंद ठेवा, दोन रंगांचा उजेड एडिटिंगमध्ये फार छळतो.

दर्शनी फोटोची वेळ घराच्या तोंडावरून ठरते. पूर्वमुखी घर सकाळी, पश्चिममुखी संध्याकाळी, हे सोपं. अडतं ते उत्तरमुखी घराला, कारण हिवाळ्यात त्याच्या दर्शनी भागावर ऊन येतच नाही. पण नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साधारण २१ अंशांवर आहे. त्यामुळे मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत भरदुपारचा सूर्यही उत्तरेकडे झुकलेला असतो, आणि उन्हाळ्यात सकाळी लवकर नि संध्याकाळी उशिरा तिरपं ऊन थेट समोरच्या भिंतीवर येतं. उत्तरमुखी बंगला आला की बाहेरचा फोटो त्या दिवसांत घ्या. तेवढं थांबता येत नसेल तर सूर्य मावळल्यावर आतले दिवे लावून, आकाश निळं असताना घ्या.

एडिटिंगमध्ये काय करायचं नाही, याचंही भान हवं. समोरचा ट्रान्सफॉर्मर, हाय टेन्शनची तार, शेजारचं अर्धवट बांधकाम पुसू नका. वाइड लेन्सनं १० बाय १० ची खोली हॉलएवढी करू नका. लोक आयुष्यभराची कमाई त्या फोटोवर भरवसा ठेवून लावतात. कायदाही हेच सांगतो: रेराच्या, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या केंद्राच्या कायद्याच्या, कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या किंवा सॅम्पल फ्लॅटमधल्या चुकीच्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं तर बिल्डरला भरपाई द्यावी लागते. १ ऑगस्ट २०२३ पासून बिल्डरच्या जाहिरातीवर महारेराचा (त्या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाचा) क्यूआर कोडही लागतो, म्हणजे ग्राहक फोटो आणि मंजूर माहिती लगेच ताडून बघू शकतो. बिल्डरला हे शांतपणे समजावलं तर तो ऐकतो.

कराराचा मुद्दा बहुतेक फोटोग्राफरांना माहीत नसतो, तो नीट वाचा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो, तुम्ही नाही. म्हणून डिझायनरच्या कामात आधीच एका पानावर लिहून घ्या: कॉपीराइट माझा, डिझायनरला स्वतःच्या प्रसिद्धीसाठी वापराची परवानगी, टाइल्सवाला किंवा मॉड्युलर किचनवाल्याला तेच फोटो हवे असतील तर त्यानं वेगळे पैसे द्यायचे. व्हॉट्सॲपवर "ओके" घेतलं तरी काही नसण्यापेक्षा बरं, पण सही सगळ्यात चांगली.

ले-आउटवाले, म्हणजे जमिनीचे प्लॉट पाडून विकणारे, तुम्हाला ड्रोनचे फोटो मागतील. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. शिवाय सोमलवाडा, खामला, चिंचभवन हे भाग विमानतळाला लागून आहेत, वायुसेनानगर आणि कामठी छावणी आहेच. ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणाऱ्या सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर जागा बघितल्याशिवाय होकार देऊ नका. सुरुवातीला प्रमाणपत्र असलेल्या माणसाला सोबत घ्या आणि त्याचे पैसे बिलात वेगळे दाखवा.

राहिली वसुली. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्यांची सरकारी नोंदणी, मोफत होते, ती आजच करा. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असली की खरेदीदाराला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर व्याज लागतं. मुदतीत दिलं नाही तर तो खर्च त्याला त्या वर्षीच्या आयकरात वजा करता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षी मिळतो. मार्चमध्ये बिल्डरच्या अकाउंटंटला एवढं आठवण करून दिलं की चेक निघतो. बिलावर उद्यम क्रमांक ठळक टाका. जीएसटीची मर्यादा सेवांना वर्षाला २० लाख आहे, त्यामुळे तुम्हाला आत्ता त्याची काळजी नाही. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा हे बिल्डरांचे बुकिंगचे मुहूर्त, आणि त्यांचं ब्रोशर महिना-दीड महिना आधी छापायला जातं. दसऱ्याचं काम हवं असेल तर फोन ऑगस्टमध्येच करायला लागा.