सकाळचं भजन आणि रजेचा अर्ज

"कंपनीत ध्यान सुरू केलं, प्रार्थना सुरू केली, तरी माणसं कामात जीव ओतत नाहीत. काय कमी पडतंय?" एचआरवाल्यांकडून हा प्रश्न वरचेवर येतो. त्यातली एक हकीकत, ओळखीच्या खुणा बदलून.

भोसरीत सुटे भाग बनवणारा कारखाना. शिफ्टच्या आधी स्पीकरवर भजन, मग ध्यान, आणि त्याची हजेरी. एचआर बघणाऱ्या बाई वैतागल्या होत्या. "मॅडम, मालकांनी एवढ्या हौसेनं केलंय आणि ही मंडळी जांभया देतात."

मी कामगारांशी एकेकाला बाजूला घेऊन बोलले. मशीनवरचा एक जण म्हणाला, "डोळे मिटले की काल सुपरवायझर सगळ्यांसमोर काय बोलला तेच आठवतं." दुसऱ्याचा धर्म वेगळा. तो नुसते ओठ हलवायचा. गप्प राहिलो तर नाव वर जाईल ही धास्ती. आणि एक माळकरी. आषाढीला दोन दिवस वारीत चालायला रजा मागितली, तर 'डिस्पॅच आहे' म्हणून अर्ज परत. रोज सकाळी विठ्ठलाचं भजन मात्र त्याच कंपनीच्या स्पीकरवर! हे ऐकून बाईंनीच कपाळाला हात लावला.

विल्यम कान या अमेरिकी अभ्यासकाने १९९० मध्ये एका उन्हाळी शिबिरातल्या आणि वास्तुविशारदांच्या कचेरीतल्या लोकांचा अभ्यास मांडला. माणूस कामात मनापासून उतरतो तेव्हा त्याला कामात अर्थ वाटत असतो, मोकळं बोललं तर अंगाशी येणार नाही असा भरवसा असतो, आणि अंगात तेवढं त्राण उरलेलं असतं. इथे भरवशाचीच बोंब होती.

मग ठरलं ते असं: हजेरी बंद. भजनाऐवजी शांतता, तीही पगारी वेळेत, ज्याला हवं त्याने बसावं. झापायचं तर केबिनमध्ये. वारी, ईद, नाताळ, ज्याच्या त्याच्या रजा वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून घ्यायच्या. आणि आपण बनवतो तो भाग ट्रॅक्टरच्या ब्रेकमध्ये कुठे बसतो, हे प्रत्येकाला दाखवायचं.

शांत बसायला आता मोजकेच येतात. मालकांना ते जरा लागलं. सूचनापेटीत मात्र चिठ्ठ्या पडू लागल्या. पहिलीच बंद पडलेल्या एक्झॉस्ट फॅनची. "याचा अध्यात्माशी काय संबंध?" मालकांनी फोनवर विचारलं. आधी फॅन दुरुस्त करा, म्हटलं. तो झाला. सुपरवायझरांचं अजून बाकी आहे. त्यांनाही वरून ओरडा बसतोच, त्यामुळे पुढच्या बैठकीला मी मालकांनाही बोलावलंय.